‘आवडला ना?’ विचारून मुलांचे मत कळत नाही

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

राजकन्येचा ॲनिमेशनपट लागला की सोमवारच्या अंकात एक चौकट हमखास येते. समीक्षकांचे अमुक टक्के, प्रेक्षकांचे तमुक टक्के, दहापैकी एवढे गुण आणि खाली चित्रपटगृहाबाहेर गाठलेल्या दोन-तीन पालकांची मते. शीर्षक ‘प्रेक्षकांचा कौल’. ज्या पाच-सात वर्षांच्या प्रेक्षकासाठी चित्रपट काढला, तो या कौलात कुठेच नसतो. वेबसाइटवर त्याचे खाते नसते, ॲपवर तिकीट आई काढते, आणि बातमीदाराने माइक पुढे केला की उत्तरही आईच देते. मुलांचे मत घेणे अवघड आहे, पण अशक्य नाही. ते घेण्याच्या रीती पन्नास वर्षांहून अधिक काळ वापरात आहेत आणि त्या कुठे फसतात हेही ठाऊक आहे. म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आधी फसण्याबद्दल. १९८९ चा ‘द लिटल मर्मेड’ तयार होत असताना डिस्नेने मुलांना बसवून त्याचा चाचणी खेळ केला. जलपरी नायिका एरियल समुद्रतळाच्या गुहेत, माणसांच्या जगातून गोळा केलेल्या वस्तूंच्या पसाऱ्यात ‘पार्ट ऑफ युअर वर्ल्ड’ हे गाणे गाते, त्या वेळी मुले चुळबुळ करू लागली. एका मुलाचे पॉपकॉर्न सांडले आणि त्याचे सारे लक्ष ते वेचण्यात गेले. स्टुडिओचे प्रमुख जेफ्री कॅट्झनबर्ग यांनी ते पाहिले आणि गाणे काढून टाका म्हणाले. गीतकार हॉवर्ड ॲशमन, दिग्दर्शक रॉन क्लेमेंट्स आणि जॉन मस्कर, एरियलला पडद्यावर चालतीबोलती करणारे ग्लेन कीन, सगळे विरोधात उभे राहिले. १९३९ च्या ‘द विझर्ड ऑफ ऑझ’मधले ‘ओव्हर द रेनबो’ही चित्रपट रेंगाळतो म्हणून कात्रीत सापडता सापडता वाचले होते, हा दाखला त्यांनी दिला. पुढच्या चाचणी खेळापर्यंत त्या प्रसंगात रंग भरला गेला होता. मुले शांत बसली, गाणे राहिले, आणि कॅट्झनबर्ग यांनी पुढे आपली चूक कबूल केली.

पहिल्या खेळात मुलांसमोर नेमके काय होते ते पाहा. तो प्रसंग तेव्हा काळ्या-पांढऱ्या कच्च्या रेखाटनांत होता. पूर्ण झालेल्या हस्तचित्रित ॲनिमेशनमध्ये सेकंदाला २४ चौकटी असतात आणि सहसा त्यांसाठी किमान बारा वेगळी चित्रे काढतात. कच्च्या रिळात मात्र एकेक चित्र काही सेकंद तसेच पडद्यावर राहते आणि मागून आवाज चालू असतो. धावपळीचा किंवा विनोदाचा प्रसंग असा दाखवला तरी निभावतो, कारण एका चित्रातून दुसऱ्यात काय झाले ते कळते. एकटी मुलगी मनातले गाते आहे, हे सगळे डोळ्यांत, मानेच्या वळणात आणि पाण्यात तरंगणाऱ्या केसांत असते. नेमके तेच कच्च्या चित्रांत नव्हते. मोठा माणूस ती उणीव कल्पनेने भरून काढतो, सहा वर्षांचे मूल पॉपकॉर्न वेचते. मुले कंटाळली हे खरे होते. ती गाण्याला कंटाळली, हा निष्कर्ष चुकीचा होता.

१९९५ च्या ‘पोकाहोंटस’मध्ये मात्र कात्री चाललीच. नायक-नायिकेचे ‘इफ आय नेव्हर न्यू यू’ हे युगुलगीत चाचणी खेळात मुले अस्वस्थ होतात म्हणून काढले गेले आणि दहा वर्षांनी, २००५ च्या डीव्हीडीत पुन्हा जोडले गेले. या गाण्याची चाल पार्श्वसंगीतात तशीच राहिली होती. त्यामुळे शेवटच्या ताटातुटीच्या प्रसंगी ती वाजते तेव्हा तिच्यामागचे शब्द प्रेक्षकाने ऐकलेलेच नसतात. माझ्या मते त्या चित्रपटाचा शेवट कोरडा वाटण्याचे हे एक मोठे कारण आहे.

मुलाने नजर वळवली म्हणजे त्याचे लक्ष उडाले, ही समजूतच तपासून घ्यायला हवी. ‘सेसमी स्ट्रीट’ ही मुलांची टीव्ही मालिका (आपल्याकडचे ‘गली गली सिम सिम’ तिचेच भावंड) १९६९ मध्ये सुरू झाली, तेव्हा संशोधक एडवर्ड पामर यांनी एक साधी युक्ती काढली. मुलासमोर टीव्हीवर कार्यक्रम लावायचा आणि शेजारच्या पडद्यावर दर साडेसात सेकंदांनी बदलणारी रंगीत चित्रे दाखवायची. मूल टीव्ही सोडून चित्रांकडे कधी वळते ते क्षणाक्षणाला टिपायचे. कुठल्या प्रसंगात पकड सुटते हे यातून दिसायचे. पुढे दुसऱ्या एका प्रयोगात आणखी एक गोष्ट लक्षात आली. एलिझाबेथ लॉर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच वर्षांच्या मुलांचे दोन गट केले. एका खोलीत खेळणी ठेवली, दुसरीत नाही. खेळणी नसलेली मुले सुमारे ८७ टक्के वेळ पडद्याकडे पाहत होती, खेळणी असलेली ४७ टक्के. नंतर कार्यक्रमावर प्रश्न विचारले तर दोन्ही गटांना सारखेच कळले होते. मुले कान लावून खेळत होती आणि नेमक्या मोक्याच्या जागी मान वर करत होती. म्हणून ‘मुले इकडेतिकडे पळत होती, चित्रपट मुलांना धरून ठेवत नाही’ असे वाक्य परीक्षणात दिसले की ते एवढ्यावरच विसंबलेले नाही ना, हे पाहिले पाहिजे.

शाळा, वाचनालय किंवा फिल्म सोसायटी बालप्रेक्षकांची पाहणी करणार असेल तर निरीक्षण असे करावे. निरीक्षकाने मागे नव्हे, पडद्याच्या बाजूला, मुलांचे चेहरे दिसतील असे बसावे. दहा-बारा मुलेच निवडावीत. सगळ्या सभागृहावर नजर ठेवायला गेले की फक्त दंगा करणारी मुले दिसतात. दर मिनिटाला त्यांपैकी किती जणांची नजर पडद्यावर आहे तो आकडा आणि त्या वेळी पडद्यावर काय चालले आहे ते दोन शब्दांत लिहावे. शंभर मिनिटांच्या चित्रपटाच्या शंभर नोंदी होतात, एका वहीत बसतात. हे निदान तीन वेगवेगळ्या खेळांना करावे. तिन्ही खेळांत त्याच जागी आकडा पडला तरच दोष त्या प्रसंगाचा. एकाच खेळात पडला असेल तर दार उघडले असेल, एसी गार पडला असेल, कुणाला शू लागली असेल. थ्रीडी खेळ असेल तर चष्मा लहान मुलांच्या मापाचा आहे का ते आधी पाहावे. मोठ्यांचा चष्मा लहान नाकावरून घसरत राहतो, चष्मा काढला की चित्र दुहेरी दिसते, आणि त्याचा राग राजकन्येवर निघतो.

आपल्याकडे यात आणखी एक घोळ आहे, मध्यंतराचा. ‘फ्रोझन’ १०२ मिनिटांचा, ‘टँगल्ड’ १०० मिनिटांचा. हे चित्रपट सलग पाहण्यासाठी बांधलेले आहेत, त्यांत मध्यंतराची जागा सोडलेली नाही. आपली चित्रपटगृहे पन्नासेक मिनिटांवर दिवे लावतात, कित्येकदा प्रसंगाच्या मधोमध. मूल बाहेर जाते, खाऊ घेऊन येते, तोवर पडदा सुरू झालेला असतो आणि दोन-चार मिनिटांचा दुवा निसटलेला असतो. मग मत येते, ‘दुसरा भाग रेंगाळतो.’ या चित्रपटांना दुसरा भागच नाही. असे मत छापताना तो खेळ मध्यंतरासह होता, एवढे तरी लिहावे.

आता विचारण्याबद्दल. सर्वांत मोठी चूक आपल्या भाषेतच दडलेली आहे. आपण मुलाला विचारतो, ‘आवडला ना?’ त्या ‘ना’मध्ये उत्तर आधीच भरलेले आहे. लहान मूल, विशेषतः चार-पाच वर्षांपर्यंतचे, मोठ्याने हो-नाहीचा प्रश्न केला की हो म्हणण्याकडेच झुकते. दाराशी दहा मुलांना ‘आवडला ना?’ विचारले आणि दहाही हो म्हणाली, तर त्यातून मुलांच्या सौजन्यापलीकडे काहीही कळलेले नसते.

यावर अनेक शाळा पाच चेहऱ्यांची पट्टी वापरतात, रडव्या चेहऱ्यापासून खूप हसऱ्यापर्यंत. मुलांची मते घेण्यासाठी ही साधने बनवणाऱ्या जेनेट रीड आणि स्टुअर्ट मॅकफार्लेन यांनाच दिसून आले की लहान मुले जवळजवळ दर वेळी सगळ्यात हसऱ्या चेहऱ्यावरच खूण करतात. पट्टी छान दिसते, फरक मात्र काहीच दाखवत नाही. त्यांचीच दुसरी रीत अधिक उपयोगाची आहे: ‘पुन्हा पाहशील का?’ असे विचारून हो, कदाचित, नाही असे तीन रकाने द्यायचे आणि तोच प्रश्न मुलाने पाहिलेल्या तीन-चार चित्रपटांबद्दल एकाच कागदावर विचारायचा. एकाच चित्रपटाबद्दल विचारले की सगळे हो. चार एकाखाली एक आले की मूल विचार करू लागते.

त्याहून चांगले म्हणजे निवड करायला लावणे. चित्रपटातल्या सहा प्रसंगांची पोस्टकार्डाएवढी चित्रे घ्यावीत. ती रंगीत असावीत आणि सगळ्यांत नायिका नसावी. मुलाला म्हणावे, ‘यातलं एक घरी न्यायचं तर कुठलं नेशील? आणि एक परत द्यायचं तर?’ दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. न आवडलेले सांगायला मुले बिचकतात, परत देताना बिचकत नाहीत. चित्रे दर मुलागणिक पिसून मांडावीत, नाहीतर डाव्या हाताचे पहिले चित्र उगाच जिंकते. मुलाला आईवडिलांपासून आणि मित्रांपासून थोडे बाजूला घ्यावे. सात-आठ वर्षांचे मुलगे घोळक्यात ‘हा मुलींचा पिक्चर’ म्हणून मोकळे होतात आणि एकटे असताना त्याच चित्रपटातला घोडा किंवा हिममानव तपशीलवार सांगतात. चार ते सहा, सात ते नऊ आणि दहा ते बारा अशा वयांची उत्तरे वेगळी ठेवावीत. एकत्र केली तर मोठ्या मुलांचा ‘आम्ही आता लहान नाही’ हा सूर लहानग्यांच्या उत्तरांत मिसळतो.

आणि दोनदा विचारावे. चित्रपट सुटल्यावर दमलेले मूल शेवटचे जे पाहिले तेच सांगते. आठवड्याने पुन्हा विचारले की टिकलेले कळते. तेव्हा मत विचारूच नये, गोष्ट सांगायला लावावी, तीही ज्याने चित्रपट पाहिलेला नाही त्याला. आजी असेल तर उत्तम. कुठे मूल भराभरा सांगते, कुठे हातवारे करते, कोणता प्रसंग गाळते, हे सगळे उतरवून घ्यावे. राजकन्या राजपुत्राची वाट पाहत बसते की स्वतः निघते, यावर मोठी माणसे तासन्‌तास वाद घालतात. मूल कित्येकदा राजपुत्राला गोष्टीतून अजिबात गाळते. हे गाळणे हेही एक मत आहे, आणि ते कुठल्याही टक्क्यात येत नाही.

टक्क्यांचे निघाले म्हणून सांगते. तीस मुलांना विचारले आणि अठरा जणांनी एक चित्र निवडले तर ‘६० टक्के मुलांची पसंती’ असे छापू नये, ‘३० पैकी १८’ असे छापावे. तीस मुले अगदी चिठ्ठ्या टाकून निवडली असली तरी त्या साठमध्ये सुमारे अठरा टक्के वरखाली होण्याची जागा असते, म्हणजे खरा आकडा बेचाळीसपासून अठ्ठ्याहत्तरपर्यंत कुठेही असू शकतो. एकाच शाळेतल्या एकाच वर्गाची मुले असतील तर तेवढाही भरवसा नाही.

आता आपल्या चौकटीतल्या मोठ्यांच्या आकड्यांकडे वळते. ‘रॉटन टोमॅटोज’ या संकेतस्थळाचे टक्के म्हणजे चित्रपटाला मिळालेले गुण नव्हेत. किती समीक्षकांचे परीक्षण अनुकूल आहे, त्याचे ते प्रमाण आहे. शंभरच्या शंभर समीक्षकांनी ‘बरा आहे, पाहायला हरकत नाही’ म्हटले तरी शंभर टक्के होतात. तिथला ‘पडताळलेल्या प्रेक्षकांचा’ आकडा २०१९ पासून अमेरिकेत तिकीट काढल्याची खात्री करून घेतला जातो. पुण्यात किंवा पणजीत पाहिलेल्याचा त्यात संबंध नाही. ‘आयएमडीबी’चा दहापैकी आकडा साधी सरासरी नसून भारित सरासरी (सगळ्या मतांना सारखे वजन न देता काढलेली) असतो आणि मतदान संशयास्पद वाटले की संकेतस्थळ हिशेबाची रीत बदलते. ‘लिटल मर्मेड’ची खऱ्या नटांना घेऊन केलेली २०२३ ची आवृत्ती आली तेव्हा तसा इशाराच त्या पानावर लावलेला होता.

‘सिनेमास्कोअर’ ही लास व्हेगासची कंपनी पहिल्या दिवशी अमेरिका-कॅनडातल्या चित्रपटगृहांत कार्डे वाटून ए ते एफ अशी श्रेणी घेते. कार्ड वाचून खूण करू न शकणारे मूल यातही नाही. शिवाय पहिल्याच दिवशी तिकीट काढणारा प्रेक्षक आधीच अनुकूल असतो, म्हणून मुलांच्या चित्रपटांच्या श्रेणी वरच्या टोकाला दाटीवाटीने बसतात. ‘टँगल्ड’ला ए प्लस, ‘फ्रोझन’ला ए प्लस, ‘ब्रेव्ह’ आणि ‘मोआना’ला ए. २०२३ च्या ‘विश’ला ए मायनस मिळाला तेव्हा शाळेतल्या प्रगतिपुस्तकाच्या हिशेबाने तो उत्तम वाटला असेल, पण या जातीच्या चित्रपटांत तो खालचा आहे. श्रेणी छापायची तर शेजारी याच प्रकारच्या तीन चित्रपटांच्या श्रेणी छापाव्यात, म्हणजे वाचकाला तुलना करता येईल.

आकड्यावरून कारण काढायची घाई मोठमोठे स्टुडिओही करतात. २००९ च्या ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’चा गल्ला अपेक्षेपेक्षा कमी आला. नावात ‘राजकन्या’ असल्याने मुलगे फिरकले नाहीत, असे डिस्नेत ठरले आणि तयार होत असलेल्या ‘रपुन्झेल’चे नाव ‘टँगल्ड’ झाले. पण ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’ अमेरिकेत सर्वत्र लागला ११ डिसेंबरला, आणि पुढच्याच शुक्रवारी, १८ डिसेंबरला, ‘अवतार’ आला. मुलगे कोणत्या पडद्याकडे वळले असतील आणि त्यात नावाचा वाटा किती, हे गल्ल्याच्या एका आकड्यावरून सांगता येत नाही.

भाषेचा मुद्दा राहिला. ‘लेट इट गो’ची पंचवीस भाषांत गुंफलेली चित्रफीत २०१४ मध्ये निघाली, तीत एकही भारतीय भाषा नव्हती. २०१९ ला ‘फ्रोझन २’ हिंदी, तमिळ, तेलुगूत आला. हिंदीत एल्साला प्रियांका चोप्रा आणि ॲनाला परिणीती चोप्रा यांनी आवाज दिला. मराठी नव्हती. त्याच ‘फ्रोझन २’ची युरोपच्या उत्तर टोकाकडच्या उत्तर सामी भाषेतली आवृत्ती निघाली, आणि ती भाषा बोलणारे काही हजारच आहेत. ‘मोआना’ ताहिती भाषेत आला आणि २०१७ मध्ये माओरी भाषेतही. मराठी माध्यमातले पहिलीचे मूल हे चित्रपट हिंदीत पाहते, इंग्रजी माध्यमातले इंग्रजीत, आणि दोघांची मते एका आकड्यात घातली जातात. डबिंगमध्ये शब्द ओठांच्या हालचालीला बसवावे लागतात. प, ब, म ला ओठ मिटतात, तिथे तसाच वर्ण आणावा लागतो, आणि गाण्यात तर लांबवलेला स्वरही जुळवावा लागतो. त्या ओढाताणीत अर्थ कधी कधी दुसरीकडेच जातो. मूल ‘गाणं नाही आवडलं’ म्हणते तेव्हा ते चाल म्हणते आहे की न कळलेले शब्द, हे विचारल्याशिवाय कळत नाही. विचारायची सोपी रीत: गाणे गुणगुणायला सांगावे. चाल येते आणि शब्द येत नाहीत, तर दोष भाषेचा.

प्रेक्षकाला आधी विचारले तर काय होते, तेही ‘मोआना’ने दाखवले. पॅसिफिक बेटांवरच्या जाणकारांचे एक मंडळ चित्रपट बनत असतानाच सोबत होते. टक्कल असलेला अर्धदेव माउई त्यांच्या आक्षेपानंतर केसाळ झाला. मोआना रागाने नारळ फेकते असा प्रसंग होता, तोही निघाला, कारण तिथे नारळाची अशी हेळसांड करत नाहीत. कोकणातल्या घरात हे समजावून सांगायची गरज पडणार नाही. २०१६ मध्ये माउईचा तपकिरी कातडीसारखा, गोंदण छापलेला पोशाख मात्र बाजारात आला आणि तक्रारींनंतर मागे घ्यावा लागला.

तेव्हा विनंती अशी. पुढच्या राजकन्येच्या वेळी चौकटीत प्रत्येक आकड्याखाली बारीक अक्षरांत एवढे छापावे: मत कुणाचे, किती जणांचे, कोणत्या दिवशी घेतलेले, कोणत्या भाषेच्या खेळाचे. वाचकांकडून मुलांची मते मागवताना ‘चित्रपट कसा वाटला?’ हा मोकळा प्रश्न देऊ नये, त्याचे उत्तर पालक लिहून पाठवतात. बालपुरवणीत चार प्रश्न छापावेत आणि उत्तर मुलाच्याच शब्दांत, शुद्धलेखन न सुधारता पाठवावे असे खाली स्पष्ट लिहावे. प्रश्न हे: तुला एक चित्र घरी न्यायचं असेल तर कुठल्या प्रसंगाचं नेशील? कुठला प्रसंग परत देशील? कुठे डोळे झाकलेस? ही गोष्ट कुणाला सांगितलीस, आणि तिने किंवा त्याने तुला काय विचारलं?

आपली,
बालचित्रपटांची एक अभ्यासक,
पुणे